चोवीस पॉइंटांची पेटी

नागरी जलवितरण मंडळाच्या दिवा उपविभागात संगणकीकरण यशस्वीरीत्या पार पडलं, याबद्दल आता कुणाच्या मनात शंका उरू नये. तरी लोक बोलतातच. लोकांना बोलायला काय जातं! मी त्या उपविभागात मुख्य लिपिक होतो. सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि प्रत्येक पाऊल नियमाला धरून पडलं. एक पाऊल जरी नियमाबाहेर पडलेलं कुणी दाखवलं, तर मी या वयात मिशी उतरवायला तयार आहे.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार असेल. आमचं कार्यालय आणि पंपघर एकाच इमारतीत होतं, मध्ये एक भिंत. भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे पंधरा अश्वशक्तीचा कोरा करकरीत पंप, त्याच्या शेजारी तसाच एक राखीव. खाडीकाठच्या पाड्यापर्यंत नळाची लाइन टाकून झाली होती. पंपाला हार घालून, नारळ फोडून, फोटो काढून झाले होते. आता घरोघरचे नळ मंजूर करायचे आणि पंपाचं बटण दाबायचं, एवढंच शिल्लक होतं. तोवर पाड्याला टँकर. टँकर दिवसाआड यायचा, म्हणजे निदान तसं ठरलेलं होतं.

अर्जांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर चंद्रभागाबाई भोईर यांचा अर्ज होता. चंद्रभागाबाई पाड्यातली कोळीण, दिवा स्टेशनाबाहेर मासळी विकायची. नवरा वारलेला. एकुलता एक मुलगा उत्तम, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला. बाई येता-जाता टोपली आमच्या पायरीवर ठेवायची आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहायची. टोपलीच्या वासाने आमच्या कार्यालयात मांजरं वाढली, हाही एक वेगळा विषय आहे, पण तो राहू द्या.

“भावसायेब, माजा नल कवा देताव?”

“मंजूर आहेच समजा, बाई. फक्त साहेबांची सही राहिलीय.”

“मंग करा ना सही. सायबांकं पेन नाय काय?”

पेन होतं. बाईची घाई मला समजत होती. उत्तमसाठी कोपरची मुलगी बघितलेली, मालन नावाची. मुलामुलीची पसंती झालेली. मुलीचे वडील घर बघायला म्हणून पाड्यात आले, तर त्यांनी ना मुलाचा पगार विचारला, ना घराची कौलं पाहिली. सरळ मोरीत गेले आणि विचारलं, नळ कुठाय?

“बोलले, माजी पोर हंडं व्हायाला नाय देणार मी. नल लागला का सांगा, मंग साखरपुडा करू,” चंद्रभागाबाई म्हणाली. “भावसायेब, पोर गुनाची हाय हो. माजे उत्तमला असी परत नाय मिलायची.”

मला कळवळा आला. मी काही दगड नाही. मी स्वतः उठून तिची फाइल उपअभियंता महिपतराव ढमाले यांच्याकडे नेली. महिपतराव आमचे साहेब. मनाने चांगला माणूस, फक्त वरून कागद आला की बिचाऱ्याला घाम फुटायचा. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, आणि नेमका त्याच वेळी वागळे इस्टेटच्या मुख्य कार्यालयातून शिपाई परिपत्रक घेऊन आला. यापुढे नळजोडणीची मंजुरी केवळ संगणकावरूनच द्यावी, हातची मंजुरी अवैध समजण्यात येईल. साहेबांनी टोपण पुन्हा लावलं.

संगणक मात्र लगेच आले, हे मान्य करायला हवं. डोंबिवलीच्या एका पुरवठादाराला काम मिळालं होतं आणि त्यांच्या वतीने शालन केणी नावाच्या बाई आल्या. चटपटीत, बोलायला फटकळ, पंजाबी ड्रेस, खांद्याला भली मोठी पर्स. तीन संगणक, एक प्रिंटर आणि एक चपटी करडी पेटी त्यांनी टेबलावर मांडली. तीन संगणकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मध्ये अशी पेटी लागते. तिला नेटवर्क स्विच म्हणतात. तिच्या तोंडावर वायरी खोचायच्या चोवीस खाचा होत्या.

“चोवीस कशाला हो? संगणक तर तीनच,” मी म्हणालो.

“आठवाली संपली होती गोडाउनला. तुम्हाला त्याच रेटमध्ये मोठी दिली ना मी!” शालनबाई म्हणाल्या. “चला, लावू का? पाच मिनिटांचं काम आहे.”

पाच मिनिटं! असं कार्यालयात मोठ्याने बोलू नये. कोणतंही नवं उपकरण लावण्याआधी विद्युत शाखेचा ना-हरकत दाखला लागतो. त्यासाठी ठाण्याहून कनिष्ठ अभियंता गोपीनाथ सामंत यांना बोलावण्यात आलं. सामंत मूळचे कोकणातले, अत्यंत काटेकोर. पूर्वी एकदा लेखापरीक्षणात त्यांनी कुठल्याशा इमारतीचा विजेचा भार कमी दाखवल्याचा आक्षेप निघाला होता. तेव्हापासून ते घरी चहाला चार माणसं यायची असली तरी आठ कप मांडायला लावत.

सामंतांनी पेटी उलटी केली. मागे बारीक अक्षरात लेबल होतं. त्यांनी साहेबांचा चष्मा मागून घेतला आणि वाचलं, शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट, दोन अँपिअर. मग डोळे मिटले. “दोनशे चाळीस गुणिले दोन. चारशे ऐंशी वॅट.”

“नाही हो सर!” शालनबाई हसल्या. “ते तसं नाही गुणायचं. शंभर ते दोनशे चाळीस म्हणजे कुठल्याही देशाच्या प्लगला लावा, चालेल. आणि दोन अँपिअर म्हणजे जास्तीत जास्त. व्होल्टेज कमी असताना, चालू करताना क्षणभर झटका घेते ना, तेव्हाचं. वायर तेवढी जाड असावी, म्हणून छापतात. रोज खाते किती ते ह्या पुस्तिकेत आहे, हे बघा. तीस वॅट. तुमच्या संडासातला बल्ब याच्यापेक्षा जास्त खातो.”

“वस्तूवर काय लिहिलंय?”

“दोन अँपिअर.”

“पुस्तिका वस्तूला चिकटवलेली आहे?”

“पुस्तिका कोण चिकटवेल, सर?”

“मग ती वस्तूचा भाग नाही.” सामंतांनी पुस्तिका दोन बोटांनी बाजूला सरकवली.

मी मध्ये पडलो. पुस्तिका मी चाळली होती. तीत तीन आकडे होते. एक जास्तीत जास्त किती वीज लागू शकेल त्याचा, एक नेहमी किती लागते त्याचा आणि एक उष्णता किती निघते त्याचा. मी म्हटलं, सामंतसाहेब, मधला आकडा घेतला तर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुस्तिका मिटली. बरोबरच होतं त्यांचं. एकाच गोष्टीचे अनेक आकडे असले तर खात्याने सर्वांत मोठा धरायचा, असा दंडक आहे. याला अपवाद फक्त आमच्या प्रवासभत्त्याचा.

एवढ्यावर थांबले असते तर ते सामंत कसले? त्यांनी पेटी सरळ केली आणि बोट लावून खाचा मोजल्या.

“पॉइंट चोवीस.”

“पॉइंट नाहीत हो, पोर्ट!” शालनबाईंचा आवाज चढला. “आणि वापरणार तीन!”

इथे सामान्य वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. आपल्याकडे इमारतीचं वायरिंग होतं ते पॉइंटाच्या हिशोबाने. पंख्याचा पॉइंट, दिव्याचा पॉइंट, प्लगचा पॉइंट. प्लगमध्ये काही खोचा, न खोचा. पॉइंट आहे म्हणजे भार आहे. तुमच्या घरी कपाटामागे एक प्लग असेल, त्याला घर बांधल्यापासून कुणी हात लावला नसेल, तरी कागदोपत्री तो अखंड वीज खातोय. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे आणि तिने कुणाचं वाईट झालेलं नाही.

“मॅडम, उद्या कुणी बाकीच्या एकवीसमध्ये काही खोचलं तर?” सामंत शांतपणे म्हणाले. “जबाबदार कोण?”

“अहो पण ह्यातून करंट नाही जात, माहिती जाते!”

“कशावरून?”

सामंतांनी कागदावर गुणाकार केला. चोवीस गुणिले चारशे ऐंशी. अकरा हजार पाचशे वीस. म्हणजे साडेअकरा किलोवॅट.

“साडेअकरा?” महिपतराव खुर्चीतून उठले. “अहो, आपला पंप केवढ्याचा आहे?”

“पंधरा अश्वशक्ती म्हणजे सव्वाअकरा, साहेब.”

साहेबांनी पेटीकडे पाहिलं. जेवणाच्या ताटाएवढी होती, आणि वजनाला एक किलोभर. मी त्यांच्या चेहऱ्यावर भीती शोधत होतो, पण तिथे चक्क अभिमान होता. “बघा भाऊसाहेब, विज्ञान कुठं गेलंय,” ते हळूच म्हणाले. “एवढ्याशा डबीत पंधरा घोडे.” आणि त्यांनी पेटीपासून दोन पावलं मागे घेतली.

शालनबाईंनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा सामंतांकडे. मग त्या बाईंमध्ये जो काही बदल झाला तो बघण्यासारखा होता. चढलेला आवाज एकदम मऊ झाला. पर्समधून दुसरं, रंगीत पुस्तक निघालं. “मग सर, माझं एक कर्तव्य आहे सांगणं. साडेअकरा किलोवॅट म्हणजे उष्णता भयंकर निघणार. एसीशिवाय मी काही गॅरंटी देऊ शकत नाही हं. तीन दीड टनी लागतील.”

“चार घ्या,” सामंत म्हणाले. “एक खबरदारी म्हणून.”

आता एवढी वीज आणायची कुठून? वाढीव भार मागितला तर उत्तर आलं की या भागात तूर्त शिल्लक नाही, आणि त्यात कुणाची चूकही नव्हती. सामंतांनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मार्ग काढला. पंपाचा मंजूर भार पेटीला द्यायचा. राखीव पंपाचा एसींना. दोन्ही पंप तात्पुरते बंद ठेवून त्यांच्या बटणांवर लाखेचं सील ठोकायचं.

“आणि पाणी?” मी विचारलं. मनात चंद्रभागाबाई होती, खोटं कशाला बोलू?

“भाऊसाहेब, नीट विचार करा,” सामंत म्हणाले. “पंप केव्हा चालू व्हायचा होता? नळ मंजूर झाल्यावर. नळ कशाने मंजूर होणार? संगणकाने. संगणक कशावर चालणार? पंपाच्या भारावर. म्हणजे पंप बंद ठेवल्याशिवाय पंप चालू करण्याची वेळच येत नाही.”

मी हे मनात तीनदा फिरवून पाहिलं. कुठेही खोट सापडली नाही.

भिंतीलगत नवी खोली तयार झाली. चार एसी लागले. पेटीला उंच चौथऱ्यावर बसवलं आणि भोवती लाकडी कठडा केला, जवळ जाऊ नये असा फलक लावला. साहेबांनी लांब काठीने बटण दाबलं. पेटीवर हिरवे दिवे लुकलुकले. काहीही झालं नाही. खोलीत एवढी थंडी पडली की आमच्या संगणक लिपिक मंजुळाबाई भर मे महिन्यात कानटोपी घालून बसू लागल्या. शेवटी एसी बंद करावे लागले.

पहिलं मंजुरीपत्र चंद्रभागाबाईंचं निघालं. प्रिंटरने करकर करत ते बाहेर ढकललं, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेलं. छोटासा समारंभ झाला. साहेबांच्या हस्ते पत्र देताना बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदरात धरलं, घडी घालायचंही तिला धाडस होईना. त्याच संध्याकाळी ती कोपरला गेली. मालनच्या वडिलांनी पत्र उजेडात धरलं, कडांच्या भोकांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “कंप्युटरचा हाय म्हंजे खोटा नसंल.” साखरपुडा नाही की काही नाही, थेट लग्नच ठरलं. मलाही आमंत्रण होतं. सुरमई फार उत्तम होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी मोरीत नळ बसला. पितळी, चकचकीत. त्याला हळद-कुंकू लावलं. नव्या सुनेने घरात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा नळ सोडला. नळातून हवा आली.

“येईल, येईल. नवी लाइन आहे,” मी सांगितलं. तोवर टँकर होताच.

इकडे कार्यालयात वेगळंच संकट उभं राहिलं. महिना सरला आणि मीटर वाचला, तर काटा जवळजवळ जागेवरच! सामंत ठाण्याहून धावत आले. चेहरा पांढराफटक. “साहेब, साडेअकरा किलोवॅटची पेटी महिनाभर चालू आहे आणि मीटर सांगतो की नाही. याचा अर्थ कळतो? उद्या तपासणी आली तर म्हणतील, मंडळ वीज चोरतंय!”

“अहो, पण आपण चोरलेली नाही!”

“मग वापरलेली दाखवा!”

मी चाचरत म्हटलं, कदाचित पेटी खरोखरच तीस वॅट खात असेल. सामंत माझ्याकडे वळले. “म्हणजे मी खोटा दाखला दिला? मला दोन मुली आहेत, भाऊसाहेब.” माणसाच्या पोटावर पाय द्यायचा नसतो. कागदावरचा भार आणि मीटरवरचा वापर जुळलाच पाहिजे होता. शालनबाईंकडून विजेच्या शेगड्या मागवण्यात आल्या. आमचा फोन जाताच त्यांनी पलीकडून “किती?” एवढंच विचारलं. शेगड्या कठड्याभोवती जमिनीवर मांडल्या आणि सकाळी कार्यालय उघडताच पेटवू लागलो. तारा लालभडक झाल्या, मीटरचा काटा गरगर फिरू लागला, सामंतांच्या चेहऱ्यावर रंग आला. खोली इतकी तापली की आता चारही एसी पूर्ण लावावे लागले. एसी घेताना ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांना सामंतांनी मुद्दाम बोलावून खोली दाखवली.

याच सुमाराला आमच्या संगणकाने मुख्य कार्यालयाला पहिला आढावा पाठवला. पाड्यात इतके नळ मंजूर. तिथल्या कुणी हुशार माणसाने अर्ध्या इंची नळाचं छापील माहितीपत्रक काढलं, त्यावरची तासाला कमाल किती लिटर ही क्षमता घेतली, तिला चोवीसने गुणलं आणि निष्कर्ष काढला की पाड्यातला प्रत्येक माणूस दिवसभर पोहू शकेल इतकं पाणी तिथे पोचतंय. टँकर बंद करण्यात आला. आधी वर कळवायला हवं होतं की नळ कोरडे आहेत, असं कुणी म्हणेल. कळवणार कसं? आढाव्यात तसा रकानाच नव्हता, आणि हातचं पत्र अवैध होतं.

चंद्रभागाबाई आली ती टोपलीशिवाय. माझ्या टेबलापाशी आलीच नाही. पायरीवर बसली. मी आपणहून बाहेर गेलो.

“भावसायेब, मी त्या पोरीला फसवली,” ती म्हणाली. “तिचे बापासला कागद दाखवला मीच. आता ती पोर पहाटचे उठून बिल्डिंगवाल्यांच्या दाराशी हंडा घेऊन उभी ऱ्हाते. ते हाकलतान. ती मना काय बोलत नाय. बोलली असती तं बरा व्हता. माजा तोंडच नाय तिला दाखवायला.”

मला फार वाईट वाटलं. मी तिला सांगितलं की तुम्ही फसवलेलं नाही, पत्र अगदी खरं आहे, त्याची नोंद आजही संगणकात आहे. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मालन आली. हातातला हिरवा चुडा अजून उतरला नव्हता आणि कमरेवर हंडा.

“तुम्हीच ना ते भाऊसाहेब? लग्नात सुरमई तीनदा घेतली ते?”

“दोनदा,” मी म्हणालो.

“नळाला पाणी नाहीये.”

“नळ मंजूर आहे, मुली.”

“मग मंजुरी पिऊ काय? मला तो कंप्युटर बघायचाय, ज्याने पाणी दिलंय.”

मी आडवा आलो, पण तिने हंड्याने दार ढकललं. आत कठड्यात पेटी लुकलुकत होती. जमिनीवर शेगड्या रसरसलेल्या. वर चार एसी घरघरत. मध्ये मंजुळाबाई, पाय भाजू नयेत म्हणून खुर्चीवर मांडी घालून आणि डोकं गारठू नये म्हणून कानटोपीत.

मालन बघत राहिली. “हे थंडी वाजते म्हणून शेगड्या लावल्यात, का उकडतं म्हणून एसी?”

“दोन्ही नियमाप्रमाणे आहे,” मी म्हणालो.

“आणि पंप?”

मी भिंतीकडे बोट केलं. मधल्या दारातून बटणावरचं लाखेचं सील तिने बघितलं. आधी ती हसली. पोटभर हसली, अगदी हंडा खाली ठेवून. आणि मग हसता हसता रडायला लागली. “माझ्या सासूला रात्री झोप नाही ओ,” म्हणाली. “बिचारी माझ्यासमोर यायला घाबरते. तुम्हाला लाज कशी नाही वाटत?” मंजुळाबाईंनी कानटोपी काढली. मी फाइली नीट करू लागलो.

ती तरातरा इमारतीच्या मागे गेली. आणि मग बराच वेळ परतली नाही, म्हणून मी बघायला गेलो. चारही एसींच्या नळ्या मागच्या भिंतीतून बाहेर सोडलेल्या होत्या. खाडीची दमट हवा, आत भट्टी, एसी जिवाच्या आकांताने चाललेले. नळ्यांतून पाणी गळत होतं, टपाटपा, एका धारेत म्हणा ना. मालनने हंडा त्याखाली लावला होता आणि ती भिंतीला टेकून डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवसापासून पाड्यातल्या बाया हंडे, कळशा, बादल्या घेऊन येऊ लागल्या. रांग पंपघराला वळसा घालून रस्त्यावर गेली. सगळ्यांत पुढे चंद्रभागाबाई नि मालन, दोघी एका हंड्याला हात लावून. हे पाणी प्यायचं नाही, धुण्या-भांड्याचं आहे, असं मी सांगून पाहिलं. “मंग पिन्याचा कुटला?” असं सगळ्यांनी एकदम विचारल्यावर मी आत आलो.

साहेबांनी खिडकीतून रांग पाहिली. त्यांना भरून आलं. “भाऊसाहेब, शेवटी सुरू झालं की हो आपल्या कार्यालयातून पाणी!” त्यांनी त्याच दिवशी आढाव्याच्या ‘प्रगती’ या रकान्यातून वर कळवलं की संगणकीकरणामुळे उपविभागात प्रत्यक्ष पाणीपुरवठ्यास प्रारंभ झाला आहे. मुख्य कार्यालयात आनंदीआनंद झाला आणि नेमका किती पुरवठा होतो ते मोजण्यासाठी अर्थातच सामंतांना पाठवण्यात आलं.

मी म्हटलं, एक हंडा भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघू या. सामंतांनी दुर्लक्ष केलं. त्यांनी एसीचं लेबल वाचलं. हवेतला ओलावा काढण्याची कमाल क्षमता, ताशी इतके लिटर. मग त्यांनी पुढे होऊन एसीच्या जाळीवर बोट ठेवलं आणि फटी मोजायला सुरुवात केली.

ठाण्याला परत जाताना त्यांच्या हातात जो आकडा होता तो बघून मुख्य कार्यालयाने दिवा उपविभाग पाण्याच्या बाबतीत विपुल घोषित केला. पाड्याची गरज भागून बरंच पाणी शिल्लक राहत होतं. शिल्लक पाणी वाया घालवणं हा गुन्हाच. तेव्हा ते दिव्यापासून डोंबिवलीपर्यंत उभ्या राहणाऱ्या नव्या गृहसंकुलांना वाटून देण्यात आलं. मंजुरीपत्रं आमच्याच प्रिंटरवर निघाली, कडांना भोकं असलेली. बिल्डर मंडळींनी ती बघितली, अंगठा फिरवला, आणि आपल्या गुळगुळीत माहितीपत्रकांवर मोठ्या अक्षरांत छापलं, चोवीस तास पाणी.

तुम्ही मघापासून हसताय, ते मला दिसतंय. सामंतांना हसा, मला हसा, मालनच्या बापालाही हसा. पण मला सांगा, फ्लॅट घेताना तुम्ही काय पाहिलंत? माहितीपत्रकावरची बाग बघितलीत. नमुना फ्लॅटमधला सोफा बघितलात. बायकोने ओट्याच्या ग्रॅनाइटवरून हात फिरवला, तुम्ही तो टिचकी मारून बघितलात. नळ सोडून पाहिलात? नाही ना? छापलेलं होतं, मग सोडून कशाला बघायचं?

तेव्हा आता रात्री-अपरात्री मंडळाला फोन करून ओरडू नका. तुमचं पाणी मंजूर आहे आणि ते अखंड येतंय. रांग कार्यालयाच्या मागच्या भिंतीपासून सुरू होते. ती मालन लावते, आणि ती कुणाचीही ओळख चालवून घेत नाही. येताना हंडा स्वतःचा आणा.